पडद्यापलीकडून जुनं दुखणं बरं होतं का?

प्रश्न असा आला आहे: "मी ३६ वर्षांची, डोंबिवलीला राहते, बीकेसीत नोकरी. घरी सासूबाई, नवरा आणि सात वर्षांचा मुलगा. घर वन बीएचके. लहानपणी बाबा पिऊन यायचे, आईला मारायचे. दोन वर्षांपूर्वी बाबा गेले, मला रडूच आलं नाही. हल्ली मुलगा जोरात ओरडला तरी माझे हात गार पडतात. थेरपी घ्यावीशी वाटते, पण दादरला जाऊन-येऊन अर्धा दिवस जातो. ऑनलाइन थेरपीने इतकं खोल, जुनं काही खरंच बरं होतं का, की नुसतं मन मोकळं होतं? आणि घरच्यांना सांगावं लागेल का?"

हो, बरं होतं. मी ते होताना पाहिलंय, म्हणून ठामपणे सांगते. मी २४ वर्षं चिकित्सा मानसशास्त्रज्ञ म्हणून काम करते आहे. मार्च २०२० पर्यंत एकही सत्र मी फोनवर किंवा व्हिडिओवर घेतलं नव्हतं, आणि कुणी विचारलं तर "समोर बसल्याशिवाय हे काम होत नाही" असं सांगायचे. मग लॉकडाऊन लागला, दादरचं क्लिनिक बंद झालं आणि ज्यांची जखम मी अर्धी उघडून ठेवली होती अशा माणसांना 'सगळं सुरू झालं की या' म्हणणं मला जमेना. तिथून सुरुवात झाली. आज माझी निम्म्याहून जास्त सत्रं ऑनलाइन असतात. काय साधतं आणि काय निसटतं, हे या काळात मला बरंच कळलं, तेच सांगते.

आधी 'खोल' म्हणजे काय ते बोलू. लेक ओरडतो आणि तुमचे हात गार पडतात. तुमच्या डोक्याला पक्कं ठाऊक आहे की हा माझा मुलगा आहे आणि टीव्ही बंद केला म्हणून ओरडतोय. शरीर मात्र अजून जुन्या घरात आहे. जिन्यातली पावलं आज कशी पडताहेत यावरून रात्र कशी जाणार हे ओळखणारी मुलगी ओरडणं ऐकते आणि तयारीला लागते. धोका जाणवला की रक्त हातापायांच्या कातडीतून मागे हटतं आणि मोठ्या स्नायूंकडे वळतं. हात गार पडतात ते त्यामुळे. तुमच्यात काही बिघडलेलं नाही. एके काळी ज्या सवयीने तुम्हाला वाचवलं, ती आता गरज संपली तरी कामावर हजर होते आहे.

बरं होणं म्हणजे हे सगळं विसरणं नव्हे. आठवण राहते, पण 'आत्ता घडतंय' या जागेवरून उठून 'तेव्हा घडलं होतं' या जागेवर जाऊन बसते. लेक ओरडतो, तुम्ही दचकता आणि थोड्या वेळात नेहमीच्या आवाजात त्याच्याशी बोलायला लागता. आणि बाबांसाठी न आलेलं रडू... त्यात राग असतो, सुटल्यासारखं वाटणं असतं, त्या सुटण्याची लाज असते, आणि हो, मायाही असते, कारण हेच बाबा एखाद्या रविवारी खांद्यावर बसवून जत्रेत नेणारेही असतात. हे सगळं एकात एक गुंतलेलं असतं म्हणून काहीच बाहेर येत नाही. ते धागे सुटे व्हायला वेळ लागतो, आणि समोर एक माणूस लागतो.

अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ ज्युडिथ हर्मन यांनी १९९२ मध्ये या वाटचालीचे तीन टप्पे मांडले: आधी सुरक्षितता, मग आठवणं आणि शोक करणं, मग पुन्हा माणसांत, रोजच्या आयुष्यात मिसळणं. आजही आमच्यापैकी बहुतेक जण याच क्रमाने चालतात. ऑनलाइन कामात हा क्रम सांभाळणं जास्त अवघड असतं. पडद्यासमोर माणूस लवकर उघडतो, ही गोष्ट मानसशास्त्रज्ञ जॉन सूलर यांनी २००४ मध्येच नोंदवून ठेवली होती. स्वतःच्या घरात, स्वतःच्या खुर्चीत, समोरचा माणूस वीतभर चौकटीत, भीड चेपते. माझ्याकडे एक बाई दुसऱ्याच सत्रात असं काही बोलल्या की जे त्यांनी सख्ख्या बहिणीलाही सांगितलं नव्हतं. मला तेव्हा वाटलं, वा, किती विश्वास टाकला! नंतर तीन आठवडे त्या आल्याच नाहीत. परत आल्या तेव्हा म्हणाल्या, "त्या रात्री मला उघडं पडल्यासारखं झालं." चूक माझी होती. मी त्यांना थांबवायला हवं होतं. तेव्हापासून पहिल्या चार-पाच सत्रांत कुणी भराभर खोलात जायला लागलं तर मीच म्हणते, "हे महत्त्वाचं आहे, आपण त्याच्याकडे नक्की येऊ. आज त्याच्या दारापर्यंतच जाऊ." तुम्हाला कुणी थेरपिस्ट असं म्हणाली, तर ती टाळाटाळ करते आहे असं समजू नका.

अभ्यास काय सांगतात, ते थोडक्यात. दुरून उपचार ही कल्पना नवी नाही. फ्रॉइडने १९०९ मध्ये प्रसिद्ध केलेली पाच वर्षांच्या 'छोट्या हान्स'ची केस मुख्यतः त्या मुलाच्या वडिलांनी कळवलेल्या टिपणांवर चालली. त्या काळात फ्रॉइड मुलाला एकदाच भेटला. विचारांच्या आणि वागण्याच्या सवयी बदलण्यावर काम करणारी बोधनिक वर्तन थेरपी, म्हणजे सीबीटी, इंटरनेटवरून दिलेली आणि समोरासमोरची, यांची थेट तुलना संशोधक पेर कार्लब्रिंग आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये एकत्र मांडली: २० अभ्यास, १४१८ माणसं, आणि परिणाम जवळजवळ सारखा. त्याच वर्षी व्हिडिओवरच्या थेरपीचा आणखी एक एकत्रित आढावा आला. त्यात त्रास कमी होण्यात व्हिडिओ मागे नव्हता, पण थेरपिस्ट आणि येणारी व्यक्ती यांच्यातला बंध मात्र थोडा कमी पडलेला दिसला. मला हा दुसरा निष्कर्ष जास्त मोलाचा वाटतो, कारण तो माझ्या अनुभवाशी जुळतो. चिंता, उदासी यांसारखी लक्षणं पडद्यावरूनही चांगली उतरतात. तुमच्यासारखं दुखणं ज्या बंधाच्या आधाराने बरं होतं, तो बंध मात्र इथे आपोआप तयार होत नाही, दोघांनी मिळून तो कष्टाने बांधावा लागतो. मानसशास्त्रज्ञ एडवर्ड बॉर्डिन यांनी १९७९ मध्ये म्हटलं होतं की असा बंध तीन गोष्टींनी होतो: कुठे जायचंय यावर एकमत, त्यासाठी काय करायचं यावर एकमत, आणि एकमेकांबद्दलची ओढ व विश्वास. पहिल्या दोन गोष्टी बोलून ठरवता येतात. तिसरीला आठवडे, महिने लागतात.

आता मुंबईतला सगळ्यात मोठा अडसर. इंटरनेट नव्हे, भिंती.

वन बीएचकेमध्ये पाच फुटांवर कुणीतरी असतंच. माझ्याकडे लालबागच्या एका चाळीतून एक मुलगी सत्राला बसायची. मोरीत स्टूल टाकून, नळ बारीक सोडून, म्हणजे बाहेर तिचा आवाज कुणाला कळू नये. दोन महिने मला वाटत होतं की ही मोकळेपणाने बोलते. मग एकदा लक्षात आलं, ती 'आई' हा शब्दच उच्चारत नाही. 'ती', 'त्या', 'घरातली एक व्यक्ती'. दाराबाहेर आई होती. एवढा एक शब्द गिळायचा म्हणजे त्याच्या मागचं सगळंच गिळायचं. पुढे ती ऑफिस सुटल्यावर तिथल्या छोट्या मीटिंग रूममध्ये बसायला लागली, आणि पहिल्याच दिवशी 'आई' म्हणाली आणि रडली. ते दोन महिने अगदी वाया गेले असं मी म्हणणार नाही, पण खरं काम त्या दिवशी सुरू झालं.

म्हणून तुम्हाला पहिलं सांगणं हे, की थेरपिस्ट शोधण्याआधी जागा शोधा. तासभर जिथे तुमचा आवाज कुणाला ऐकू येणार नाही अशी जागा. बीकेसीत ऑफिस आहे, तिथली एखादी बंद खोली मिळते का? माहेर किंवा मैत्रिणीचं घर जवळ आहे का? सोसायटीत उभ्या असलेल्या गाडीत बसूनही बरीच माणसं सत्र घेतात. काचा बंद, मोबाईल स्टँडला, आणि मे महिन्यात एसीसाठी इंजिन चालू. तेही चालतं, फक्त गाडी बंदिस्त पार्किंगमध्ये असेल तर इंजिन चालू ठेवून बसू नका, धूर साचतो. गच्ची मला फारशी पसंत नाही, कुणी ना कुणी वाळवण घालायला, टाकी बघायला येतंच. लोकलमधून तर नकोच. "डब्यात गर्दी नसते हो" म्हणणारे मला भेटलेत; पण ज्या ठिकाणी रडू दाबायचंच आहे तिथे रडायचं काम कसं होणार?

इअरफोन लावा, हे सगळेच सांगतात. त्याने माझा आवाज झाकला जातो, तुमचा नाही. दाराबाहेर जुना टेबलफॅन लावून ठेवा किंवा रेडिओ. हा साधा उपाय खूप काम करतो.

दुसरी गोष्ट त्याहून कमी बोलली जाते. क्लिनिकला येण्याचा आणि परत जाण्याचा वेळ. दादरला माझ्याकडे येणारी माणसं गाडीत बसल्यापासूनच सत्रात असायची: आज काय बोलायचं, काय टाळायचं. आणि परत जाताना फुलबाजारातून, गर्दीतून चालत स्टेशन गाठायचं, खिडकीची जागा मिळाली तर बाहेर बघत बसायचं. तासाभराच्या त्या प्रवासात जे हललेलं असतं ते हळूहळू खाली बसायचं. आम्ही त्याला वाया जाणारा वेळ म्हणायचो. तो वेळ गेल्यावर मला कळलं की अर्धं पचन तिथे होत होतं.

ऑनलाइनमध्ये काय होतं? पन्नास मिनिटं वडिलांच्या माराबद्दल बोलून लॅपटॉप मिटला की दोन मिनिटांत समोर परात, कणीक आणि "मम्मी, माझी वही कुठाय?" डोळे अजून सुजलेले. मन तिथे, हात इथे. असं आठवडेच्या आठवडे झालं की माणूस एक तर सत्रात खोल जाणं नकळत टाळायला लागतो, नाहीतर चिडचिड घरावर निघते आणि मग तो म्हणतो, "थेरपीने मला जास्तच त्रास होतोय."

म्हणून उंबरठा आपणच घालायचा. सत्राच्या आधी १५ मिनिटं आणि नंतर निदान अर्धा तास तुमचा. आधी काय करायचं? काही नाही, चहा घ्या, फोन बाजूला ठेवा, खिडकीशी उभ्या राहा. नंतर चाला. खाली उतरा, सोसायटीला दोन फेऱ्या मारा, कोपऱ्यावरून भाजी आणा, पण पायी. माझ्याकडचे एक गृहस्थ सत्र संपलं की बसने तीन स्टॉप जातात आणि चालत परत येतात. त्यांनी स्वतःच शोधून काढलं हे. "घरी यायला मला आधी घरातून जावं लागतं," असं ते म्हणाले होते, आणि मी ते वाक्य नंतर कितीतरी जणांना सांगितलं आहे. शक्य असेल तर सत्राची जागा आणि झोपायची जागाही वेगळी असू द्या. ज्या पलंगावर बसून बाबांबद्दल बोललात, तिथेच रात्री आडवं होणं कठीण जातं.

आता शरीराबद्दल, कारण तुमचं दुखणं शरीरात जास्त आहे. समोर बसलेल्या माणसाचं मला बरंच काही दिसतं: पायाचा अंगठा जमिनीत रुतवणं, श्वास वर-वर चालणं, दारू घेऊन आला असेल तर वासही. पडद्यावर छातीपर्यंतचाच भाग येतो. मग शिकावं लागतं. एक तरुण फार शांतपणे ऑफिसातला किस्सा सांगत होता, चेहऱ्यावर काही नाही. पण चित्र बारीक थरथरत होतं. लॅपटॉप मांडीवर होता. मी विचारलं, "पाय हलतोय का तुमचा?" त्याने खाली पाहिलं, जणू तो पाय दुसऱ्या कुणाचा होता. तिथून पुढची चाळीस मिनिटं आम्ही त्या पायाबद्दलच बोललो.

आणि गोठणं. फार त्रास सोसलेली माणसं बोलता बोलता एकदम थिजतात, आवाज नाही, पापणी लवत नाही. आम्ही समोर असलो तर लगेच कळतं. पडद्यावर प्रश्न पडतो, नेटवर्क अडकलंय की माणूस? एकदा असंच एका बाईंचं चित्र थांबलं, मी "हॅलो, ऐकू येतंय का?" म्हणत राहिले आणि मग त्यांच्या मागे पाहिलं. पंखा फिरत होता. नेटवर्क ठीक होतं, थिजल्या होत्या त्या. तेव्हापासून मी सगळ्यांना सांगते, चौकटीत काहीतरी हलतं असू द्या, पंखा किंवा वाऱ्यावरचा पडदा. आणि कॅमेरा जरा लांब ठेवा, कमरेपासून वरचं आणि हात दिसू देत. स्वतःचा चेहरा दाखवणारी छोटी चौकट बंद करून टाका. रडताना स्वतःकडे बघत बसलं की रडू आवरलं जातं.

अशा वेळी परत आणायला घरात मात्र क्लिनिकपेक्षा चांगल्या वस्तू असतात, हे मान्य करायला हवं. माझ्याकडे टिश्यूचा डबा आणि पाण्याची बाटली. घरी आजीची गोधडी असते, ओट्याचा गार दगड असतो, देवघरातल्या चंदनाचा वास असतो. "उठा, ओट्यावर दोन्ही तळवे टेकवा, किती गार लागतं ते मला सांगा," एवढ्याने थिजलेलं माणूस परत येताना मी पाहिलंय. दोन्ही हात छातीवर फुलीसारखे ठेवून आळीपाळीने हलक्या थापा मारण्याची 'फुलपाखराची मिठी' तर १९९८ मध्ये मेक्सिकोतल्या अकापुल्कोत, चक्रीवादळातून वाचलेल्या लोकांसोबत काम करताना लुसिना आर्तिगास या थेरपिस्टने आणली. ती आपली आपणच करायची असल्यामुळे पडद्यावर जशीच्या तशी चालते. तुमच्या गार पडणाऱ्या हातांसाठी थेरपिस्ट बहुधा अशाच कशाने सुरुवात करेल.

घरात बसून घेतलेलं सत्र कधी क्लिनिकच्याही पुढे जाऊ शकतं, याचं एक उदाहरण सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. पन्नाशीतले एक गृहस्थ, गिरगावात लहानपण गेलेलं. त्यांची चाळ पुनर्विकासाला जाणार होती आणि खोली रिकामी करायची होती. लहानपणी काका मारायला लागले की ते माळ्यावर, जुन्या पिंपांच्या मागे जाऊन बसायचे. सत्रात तो माळा वर्षभर येत होता. आम्ही तीन सत्रं तयारी केली, कधी जायचं, बरोबर कोण असेल, नको वाटलं तर कुठल्या शब्दावर थांबायचं. मग एका दुपारी ते रिकाम्या खोलीत गेले, बायको बाहेर गॅलरीत बसली, आणि शिडी लावून, हातात फोन घेऊन ते वर चढले. मला पडद्यावर धूळ दिसली, एक फुटका कंदील, आणि खाली खोली. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मीही नाही. मग म्हणाले, "केवढासा आहे हो हा. मी मावायचो यात." आणि मग रडले, पन्नास वर्षांच्या माणसासारखे नाही, त्या वयाच्या मुलासारखे. खाली उतरल्यावर त्यांनी तो कंदील बरोबर घेतला. हे मी दादरच्या खोलीत कितीही वर्षं बसून घडवू शकले नसते.

सगळंच असं छान जात नाही. पावसाळ्यातल्या एका संध्याकाळी एक मुलगी आपली आई तिला लहानपणी सोडून गेली तो दिवस पहिल्यांदा सांगत होती, आणि माझ्याकडची लाईट गेली. फोनलाही रेंज नाही. परत जोडायला मला बावीस मिनिटं लागली. तिच्या दृष्टीने काय झालं? तिने सोडून जाण्याबद्दल बोलायला तोंड उघडलं आणि मी निघून गेले. ती पुढचे दोन आठवडे माझ्याशी हवापाण्याच्या गप्पा मारत होती. मी माफी मागितली, तिसऱ्या आठवड्यात ती माझ्यावर मनापासून चिडली, आणि ते चिडणं आम्हा दोघींना पुढे फार उपयोगी पडलं. पण तो धोका मी आधी बोलून ठेवायला हवा होता. आता पहिल्याच सत्रात ठरवते: कॉल तुटला तर मी करणार, तुम्ही नाही, दोन मिनिटांत व्हिडिओ नाही जमला तर साधा फोन, तोही नाही लागला तर कुठल्याही नंबरवरून एसएमएस, आणि त्याच दिवशी उरलेला वेळ. तुमची थेरपिस्ट हे सांगत नसेल तर तुम्ही विचारा.

काही वेळा मी ऑनलाइनला स्पष्ट नाही म्हणते. जीव द्यायचे विचार नुसते मनात डोकावत नसून कसा, कधी इथपर्यंत गेले असतील तर. मारणारा माणूस आजही त्याच घरात असेल तर. भास होत असतील, खाणं सोडून वजन झपाट्याने उतरत असेल, किंवा दारू सोडायची असेल तर. रोज पिणाऱ्याने एकदम दारू थांबवली तर फिट येऊ शकते, जीवावर बेतू शकतं, तिथे डॉक्टर जवळ हवा. केईएम, नायर, सायन या पालिकेच्या रुग्णालयांत मनोविकार विभागाची ओपीडी आहे, तिथे खर्चही फार येत नाही. आणि मध्यरात्री कुणीच नसेल तेव्हा १४४१६. ही केंद्र सरकारची टेलिमानस सेवा, १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली, चोवीस तास, विनामूल्य, मराठीतही बोलता येतं. तुम्ही लिहिलंय त्यावरून यातलं काही तुम्हाला लागू दिसत नाही, तरी हा नंबर फोनमध्ये ठेवा.

माणूस निवडताना. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ असेल तर भारतीय पुनर्वास परिषदेचा, म्हणजे आरसीआयचा नोंदणी क्रमांक मागा, विचारण्यात संकोच नको. 'समुपदेशक' ही पाटी मात्र कुणीही लावतं, म्हणून शिक्षण काय, आघातावर, म्हणजे ट्रॉमावर, काम करण्याचं प्रशिक्षण कुठे घेतलं, आणि त्यांच्या कामावर कुणा ज्येष्ठाची देखरेख आहे का, हे विचारा. चांगल्या माणसाला या प्रश्नांचा राग येत नाही. तुम्ही सांगितलेलं गुप्त राहणं हा २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने दिलेला हक्क आहे. सत्र रेकॉर्ड होतं का, टिपणं कुठे राहतात, हेही पहिल्या भेटीतच विचारून घ्या. दर वेळी नवा थेरपिस्ट देणारी, किंवा नुसत्या चॅटवर चालणारी योजना तुमच्यासाठी घेऊ नका. परीक्षेचा ताण, ऑफिसातली कटकट यांना ती पुरेल. तुमच्या कामाला तोच चेहरा, तोच वार, तीच वेळ लागते. ज्या मुलीला बाबा आज कसे येतील हे कधीच ठाऊक नसायचं, तिच्यासाठी दर बुधवारी साडेआठला तेच माणूस तिथे असणं हाच निम्मा उपचार आहे.

आणि मराठीत बोलणारी व्यक्ती शोधा, हे मी आग्रहाने सांगेन. बीकेसीतली बरीच माणसं माझ्याकडे येऊन इंग्रजीत बोलतात, 'ही हॅड अँगर इश्यूज' म्हणतात, आणि डोळे कोरडे राहतात. मी म्हणते, घरी तुम्ही याला काय म्हणायचात? मग जरा थांबून येतं, "बाबा पिऊन आले की आम्ही गोधडीत श्वास धरून पडायचो." श्वास धरणं या भाषेत घडलंय, सुटेलही याच भाषेत. ऑनलाइनचा इथे मोठा फायदा आहे, कारण तुम्हाला दादर-ठाण्यातच शोधायची सक्ती नाही. नाशिक, कोल्हापूरची चांगली मराठी थेरपिस्टही तुमची होऊ शकते.

वेळ किती? लेकाच्या ओरडण्यावर हात गार पडणं काही महिन्यांत बरंच उतरू शकतं. बाबांचं काम वर्ष-दीड वर्ष चालेल असं धरून चाला. मुंबईत खाजगी सत्राची फी हजार-दीड हजारापासून तीन हजार आणि त्याही पुढे जाते. झेपत नसेल तर तसं सांगा, आमच्यापैकी बरेच जण काही जागा कमी फीच्या ठेवतात. शक्य असेल तर पहिली एक-दोन सत्रं आणि मग दोन-तीन महिन्यांतून एखादं सत्र प्रत्यक्ष भेटून घ्या. थेरपिस्ट एकदा पूर्ण उंचीची, चालता-बोलताना दिसली की नंतरच्या पडद्यावरही ती जास्त खरी वाटते. अर्धा दिवस जातो म्हणता, तो दोन-तीन महिन्यांतून एकदा जाऊ द्या.

राहिलं घरच्यांना सांगणं. सासूबाईंना काही सांगायची गरज नाही. नवऱ्याला मात्र सांगा, सगळं नव्हे, एवढंच: "बाबांमुळे मला अजून त्रास होतो, त्यासाठी मी एका बाईंशी बोलणार आहे. दर बुधवारी साडेआठ ते दहा मला आतली खोली हवी आणि लेकाला तू सांभाळायचंस. काय बोलले ते विचारू नकोस, मला वाटलं तर मी सांगेन." दीड तास मागा, पन्नास मिनिटं नाही, उरलेली चाळीस मिनिटं खाली उतरून चालायला. तो हो म्हणाला तर त्याच आठवड्यात पहिली वेळ ठरवा. तो कुरकुरला, तरी ऑफिसातली ती खोली बघून ठेवा.